घरी बनवलेल्या हँडहेल्ड कन्सोलची बॉडी: दुरुस्ती आणि रंगकामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

भाच्याने आज व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल आणून दिला. कन्सोल पिशवीत होता आणि त्याचे तुटलेले तुकडे आगपेटीत होते. तुकडे वेचून जपून ठेवण्याचे भान त्याला राहिले याचा मला आनंद झाला, कारण तुटलेली कड पुन्हा जुळवायची तर मूळ तुकड्याइतका अचूक नमुना दुसरा मिळत नाही.

नोंद पूर्ण राहावी म्हणून वस्तूची माहिती आधी लिहून ठेवते. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी हा कन्सोल बनवला. आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा ६५ × ३० मिमीचा छोटा संगणक, साडेतीन इंची स्क्रीन, स्पीकर आणि २००० एमएएचची चपटी लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. बॉडी पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतली होती. भिंतीची जाडी २ मिमी आहे. बटणांची भोके आणि चार्जिंगची खाच छापून आली तशी बसेना, म्हणून ती आम्ही छोट्या कानशीने घासून जुळवली आणि डाव्या अंगठ्याखाली थोडा उतारही काढला. त्यातले काहीच मूळ फाइलमध्ये नाही. नवी बॉडी छापून घेतली तर ती एका दिवसात हाती येईल, पण ती या हाताची नसेल. म्हणून जुनीच दुरुस्त करायची असे आम्ही ठरवले.

मागच्या झाकणाचा उजवीकडचा खालचा कोपरा, साधारण २२ × १४ मिमीचा, तुटून वेगळा झाला आहे. तिथून निघालेला तडा बाजूच्या भिंतीत छपाईच्या थरांना धरून आडवा गेला आहे आणि व्हर्नियरने त्याची लांबी ४७ मिमी भरली. पुढच्या भागातल्या स्क्रूच्या चार खांबांपैकी दोन मुळापासून उपटले आहेत. नारंगी रंगाचे पापुद्रे निघत आहेत, आणि जिथे तळहात टेकतो तिथला रंग चिकट झाला आहे.

भाचा म्हणतो की कन्सोल जिन्याच्या तीन पायऱ्या खाली पडला. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. तुटलेली कवळी दुरुस्तीला आली की तुकडे जोडण्याआधी ती कशाने तुटली ते पाहायचे असते, कारण कारण न शोधता जोडलेली कवळी थोड्याच दिवसांत त्याच रेषेवर तुटून परत येते. नुसत्या पडण्याने कोपरा तुटला असता हे मला पटते. पण दोन खांब मुळापासून उपटावेत हे पटले नाही. झाकण काचेवर पालथे ठेवून पाहिले तर ते डुलत होते. मधोमध त्याला सुमारे १.५ मिमीचा फुगवटा आला होता, आणि त्याच्या बरोबर खाली असलेली बॅटरी उशीसारखी फुगली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त बॅटरी काढली. ती दुहेरी चिकटपट्टीने आत डकवलेली होती. फुगलेल्या बॅटरीखाली स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटणे हा सरळ आग लावण्याचा मार्ग आहे, म्हणून आधी तिच्या तारा एकेक करून सोडवल्या, टोकांना लगेच टेप गुंडाळला आणि मग दात साफ करण्याचा फ्लॉस पट्टीखाली घालून करवतीसारखा हळूहळू ओढत नेला. हे काम गच्चीवर केले आणि शेजारी कोरड्या वाळूने भरलेली कुंडी ठेवली. निघालेली बॅटरी त्याच वाळूत पुरून ठेवली आहे. सकाळी कचऱ्याची गाडी येईल तेव्हा ती ई-कचरा म्हणून वेगळी, आणि फुगलेली बॅटरी आहे असे सांगून, हातात द्यायची आहे.

भाच्याला विचारले तेव्हा कळले की उन्हाळाभर कन्सोल खिडकीजवळच्या टेबलावर चार्जरला लावलेलाच असायचा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत राहिली की तिच्यातल्या द्रवाचे विघटन होऊन वायू साठतो आणि तिचे पाकीट फुगते. तो फुगवटा झाकणाला कित्येक महिने आतून रेटत होता आणि झाकणाचा सगळा ताण चार खांबांवर येत होता. त्यात आमचीही एक चूक होती. आम्ही साधे, प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू वापरले होते. मेमरी कार्ड बदलण्यासाठी झाकण वारंवार उघडले गेले, आटे सैल झाले आणि दर वेळी स्क्रू आधीपेक्षा जास्त आवळला गेला. पडल्यामुळे तडा नजरेला आला इतकेच. तो आधीपासून तयार होत होता.

भाचा दहावीत आहे. ताईने बजावले आहे की त्याने फक्त रविवारी यायचे आणि परीक्षा होईपर्यंत कन्सोल घरी न्यायचा नाही. घाई नसेल तर हे काम जास्त चांगले होईल, म्हणून ही अट मला मान्य आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जुना रंग काढला. आम्ही त्या वेळी गुळगुळीत छापील प्लास्टिकवर, न घासता आणि प्रायमर न मारता, एनॅमलचा स्प्रे थेट मारला होता. रंगाला धरायला खाली काहीच नव्हते. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याची कड लावताच मोठे पापुद्रे निघाले, आणि त्यांच्या आतल्या बाजूवर छपाईच्या बारीक रेघा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. रंग प्लास्टिकला कुठेच चिकटलेला नव्हता; नुसता वर पांघरलेला होता.

उरलेला रंग १८० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला वापरायचा घासकागद; नंबर मोठा तितका कागद बारीक) पाण्यात घासून काढला. थिनर वापरला नाही, कारण त्याने प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ पडून बारीक तडे जाण्याचा धोका असतो. कोरडे घासणेही टाळले. पीएलए घासताना गरम होते, मऊ होते आणि कागदाच्या दाण्यांत भरून बसते. पाण्यात घासले की कागदही टिकतो आणि धूळही उडत नाही. पुढचा भाग, झाकण आणि सुटा कोपरा या तिन्हींना मिळून तीन तास लागले.

२४ नोव्हेंबर, रविवार

झाकणाचा फुगवटा काढला. जोडकाम आधी केले असते तर फुगलेल्या आकारातच कोपरा जोडला गेला असता, म्हणून हा क्रम महत्त्वाचा होता.

पीएलए साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. आधी त्याच रिळातल्या एका उरलेल्या पट्टीवर प्रयोग केला: ६३ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवल्यावर ती बोटाने वाकवता आली, पण तिचा आकार बिघडला नाही. ७० अंशांच्या पुढे मात्र ती स्वतःच्या वजनाने लोंबू लागली. झाकणाच्या आतल्या मापाचा प्लायवूडचा तुकडा भाच्याने कापून ठेवला होता. परातीतल्या पाण्यात थर्मामीटर ठेवून झाकण ६३ अंशांवर दोन मिनिटे बुडवले, बाहेर काढताच आत प्लायवूड बसवले, कडप्प्याच्या लादीवर दाबले आणि वर खलबत्ता ठेवला. तासाभराने उघडले तेव्हा बाक ०.३ मिमी राहिला होता. तेवढा स्क्रू लावल्यावर बसतो.

१ डिसेंबर, रविवार

कोपरा जोडला.

भाच्याने या आधी एकदा झटपट चिकटणारा गोंद लावून तो कोपरा बसवण्याचा प्रयत्न केला होता, आणि तो अर्धा मिलिमीटर सरकून बसला होता. कवळीच्या बाबतीतही हेच घडते. लोक घरी गोंद लावून ती चिकटवतात, कड किंचित सरकते आणि मग लॅबमध्ये आधी तो गोंद खरवडून काढण्यातच अर्धा दिवस जातो. दोन्ही कडांवरचा वाळलेला गोंद मी भिंगाखाली धारदार पात्याने काढला. मूळ तुटलेली कड न घासता फक्त गोंद काढायचा असल्यामुळे हे काम संथपणे करावे लागले.

त्यानंतर कवळीचीच पद्धत वापरली. कोपरा कोरडा जुळवून बाहेरून चिकट मेणाच्या तीन ठिपक्यांनी धरून ठेवला, बाहेरच्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि त्यावर प्लास्टर ओतले. प्लास्टर घट्ट झाल्यावर झाकण त्या साच्यातून काढले, मेण साफ केले आणि दोन्ही तुकडे पुन्हा साच्यात ठेवले, तेव्हा ते आपापल्या जागी असे बसले की जोडावरून नख फिरवले तरी अडकत नव्हते. आता गोंद वाळेपर्यंत कोपरा हातात धरून बसण्याची गरज उरली नाही.

तड्याच्या टोकाला २ मिमीचे आरपार भोक पाडले. तडा नेहमी टोकाकडून पुढे सरकतो, कारण सगळा ताण त्या एका अणकुचीदार बिंदूवर गोळा होतो. टोक गोल केले की तो ताण पसरतो. आतल्या बाजूने तड्यावर आणि जोडावर व्हीच्या आकाराची चर कोरली, म्हणजे चिकटायला जास्त पृष्ठभाग मिळेल. लॅबमधले कोल्ड क्युअर अॅक्रिलिक, म्हणजे न तापवता घट्ट होणारे कवळीचे प्लास्टिक, मी मुद्दाम वापरले नाही. ते घट्ट होताना तापते आणि ६० अंशांना मऊ होणाऱ्या प्लास्टिकवर ते नको होते. अॅराल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घेऊन कालवले, चरीत भरले, त्यावर फायबरग्लासच्या जाळीची १५ मिमी रुंद पट्टी दाबली आणि वरून पुन्हा पातळ थर दिला. बाहेरून या पट्टीचे काही दिसणार नाही, पण पुढच्या वेळी कन्सोल पडला तर ताण झेलणारी हीच असेल.

थंडीमुळे अॅराल्डाइट सावकाश घट्ट होते. पुढच्या शनिवारपर्यंत हात लावायचा नाही असे ठरवून साचा कपाटावर ठेवला.

७ डिसेंबर, शनिवार

साचा सोडवला. जोड पक्का आहे. झाकण दोन्ही हातांनी हलके पिळून पाहिले, कुरकूर ऐकू आली नाही.

आज स्क्रूच्या खांबांचे काम केले. उपटलेले दोन बदलताना शाबूत दिसणारे दोनही कापून टाकले, कारण त्यांनीही तोच ताण सोसला होता. जेल रोडवरून आणलेले १० मिमी उंचीचे, एम२.५ (२.५ मिमी) आट्यांचे पितळी स्पेसर, म्हणजे पोकळ खांब, त्यांच्या जागी बसवायचे होते. पितळेत आटे पाडलेले असल्यामुळे झाकण कितीही वेळा उघडले तरी ते सैल होणार नाहीत.

खरी अडचण ही होती की चार स्पेसर झाकणाच्या चार भोकांच्या बरोबर समोर यायला हवेत. जागा मोजून चिकटवले असते तर एखादा तरी चुकला असता. म्हणून उलटे केले: आधी चारही स्पेसर झाकणाला स्क्रूने पक्के लावले, त्यांच्या मोकळ्या तळांना अॅराल्डाइट लावले आणि झाकण पुढच्या भागावर नेहमीसारखे बंद केले. झाकणाच्या कडेला आधी व्हॅसलिन लावले होते. अशा रीतीने स्पेसरांनी आपली जागा स्वतःच शोधली. रविवारी स्क्रू काढून झाकण उघडले की प्रत्येकाच्या बुंध्याभोवती अॅराल्डाइटचा गोल उतार द्यायचा. जुन्या खांबांचा बुंधा तळाशी काटकोनात मिळत होता, आणि ते नेमके त्याच रेषेवर तुटले होते.

८ डिसेंबर, रविवार

खांबांचे बुंधे झाले. त्यानंतर बाहेरून पुट्टी भरली.

कोपऱ्यातली एक कपची मिळालीच नव्हती, तिथे खड्डा होता; तड्याच्या रेषेवरही उथळ खळगा राहिला होता. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला वापरतात ती दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी सियागंजमधून आणली. तिथल्याच एका मिस्त्रींनी बजावून सांगितले की थंडी आहे म्हणून हार्डनर (पुट्टी घट्ट करणारा दुसरा भाग) वाढवू नका. १०० ग्रॅमला २ ग्रॅमच ठेवा, नाहीतर महिन्याभराने वरच्या रंगावर डाग उमटतात. मी औषधाच्या काट्यावर १० ग्रॅम पुट्टी आणि ०.२ ग्रॅम हार्डनर मोजले. मिश्रण एकसारखा गुलाबी रंग येईपर्यंत कालवायचे आणि चार-पाच मिनिटांत लावून संपवायचे असते. भाच्याने जुने एटीएम कार्ड पात्यासारखे वापरले आणि पहिला थर फार सुबक ओढला.

एकाच जाड थरापेक्षा तीन पातळ थर दिले आणि प्रत्येक थर २२० नंबरने लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासला. नुसत्या बोटाने घासले की पुट्टी मऊ असल्यामुळे तिथे खळगा होतो आणि भोवतीचे प्लास्टिक उंच राहते. डोळे मिटून अंगठा फिरवायला मी भाच्याला सांगितले. तिसऱ्या थरानंतर तो म्हणाला, "मावशी, आता कळत नाही कुठून कुठे." डोळ्यांना दोन रंग दिसत असतात म्हणून डोळे इथे फसवतात, अंगठा फसवत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

रंगाआधी बटणांच्या भोकांची मापे घेतली. गोल बटणाचा व्यास ९.८ मिमी आणि भोकाचा १०.२ मिमी भरला, म्हणजे चहूबाजूंनी ०.२ मिमीची फट होती. प्रायमर आणि रंगाचे सगळे थर मिळून ०.१ मिमीच्या पुढे सहज जातात. भोकाच्या आत ते चढले की बटण दाबल्यावर वर येत नाही. म्हणून सगळी भोके गोल कानशीने किंचित मोठी केली आणि आतल्या कडेला मास्किंग टेपची बारीक गुंडाळी बसवली. बटण भोकात टाकल्यावर बोट न लावता, स्वतःच्या वजनाने खाली बसले पाहिजे, ही कसोटी ठेवली. बटणे स्वतः रंगवायची नाहीत.

दुपारी एक ते तीन गच्चीवर ऊन चांगले असते आणि हवा कोरडी असते, त्या वेळात प्रायमर मारला. डबा आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवला. गार डब्यात दाब कमी राहतो आणि प्रायमर बारीक फवारला न जाता थेंब थेंब उडतो. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे. दाबाचा डबा याहून जास्त तापवणे धोक्याचे आहे. २५ सेंटीमीटर अंतरावरून, वस्तूच्या बाहेर फवारा सुरू करून आणि बाहेरच थांबवून, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने राखाडी प्रायमर सरफेसरचे तीन हलके हात दिले. स्पीकरसमोरची १.५ मिमीची भोके दर हातानंतर सुईने मोकळी केली.

१५ डिसेंबर, रविवार

प्रायमर वाळल्यावर सगळे एकसंध दिसत होते, आणि भाच्याला वाटले की आता रंगच मारायचा. मी त्याला वाहनरंगवाल्यांची एक पद्धत दाखवली. राखाडी प्रायमरवर लांबून काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा उडवायचा, इतका विरळ की पृष्ठभागावर मिरपूड शिंपडल्यासारखे दिसावे. तो वाळल्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्यावर लावून पाण्यात घासायचे. उंच भागावरचे काळे ठिपके लगेच जातात आणि जिथे खळगा असतो तिथे ते तसेच राहतात.

आमच्या झाकणावर पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झाले. सगळीकडे छपाईच्या आडव्या रेघा काळ्या धाग्यांसारख्या उभ्या राहिल्या, आणि जोडाच्या जागी, जिथे गेल्या रविवारी अंगठ्याला काहीच कळत नव्हते, तिथे चिंचोक्याएवढा काळा डाग उरला. भाचा बराच वेळ तो डाग उजेडात तिरपा धरून पाहत होता. त्या खळग्यात एनसी पुट्टीचा (बारीक खळगे भरायच्या पुट्टीचा) नखभर थर भरला, रेघांसाठी प्रायमरचे आणखी दोन हात दिले आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. तिसऱ्या फेरीनंतर काळे कुठे उरले नाही. शेवटी ८०० नंबरने सगळे घासून घेतले.

२२ डिसेंबर, रविवार

रंग. भाच्याला मोरपंखी हवा होता, पण स्प्रेच्या डब्यात ती छटा मिळाली नाही, म्हणून बॉटल ग्रीन घेतला. उन्हात तो फार सुंदर दिसतो.

दुपारी साडेबारा वाजता पहिला पातळ हात आणि वीस मिनिटांनी दुसरा हात दिला. दोन्ही उत्तम बसले. भाचा घरी गेल्यावर साडेचारच्या सुमारास मला कोपऱ्याच्या कडेवर रंग विरळ वाटला. ऊन जात होते, आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबण्यापेक्षा आत्ताच एक हात द्यावा असे मनात आले. तो हात मी दिला.

दोन मिनिटांत कोपऱ्यापासून सुरुवात होऊन झाकणाच्या एक तृतीयांश भागावर रंग आकसू लागला. तापलेल्या दुधावरची साय चमच्याने एका बाजूला सरकवल्यावर तिला जशा बारीक, दाट घड्या पडतात, तशाच घड्या रंगावर पडल्या. कारण डब्यावरच छापलेले होते: पुढचा हात एका तासाच्या आत द्यावा, नाहीतर ४८ तासांनंतर. एनॅमल वरून आधी सुकते आणि त्याची साय धरते, खालचा थर ओलाच असतो. चार तासांनी दिलेल्या नव्या थरातले थिनर त्या सायीत मुरते, ती फुगते, पण खाली तिला धरून ठेवेल असे काही घट्ट नसते. एका तासाच्या आत सगळे थर ओले असतात आणि एकजीव होतात. दोन दिवसांनंतर सगळे घट्ट असतात. मधला काळ वाईट. हे मला ठाऊक होते आणि तरीही मी उजेडाकडे पाहून निर्णय घेतला, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या कोपऱ्यावर भाच्याचे तीन रविवार गेले होते.

भाच्याला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "खालची पुट्टी ठीक आहे ना? मग रंगाचे काय, पुन्हा मारू."

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी होती, तरी फक्त पाहणी केली. घड्यांच्या शेंड्यावर नख टेकवले तर खूण उमटते. अशा अवस्थेत घासले तर रंग कागदावर लोण्यासारखा ओढला जाईल. थांबणे भाग आहे. सपाट भागावर आणि पुढच्या बाजूवर रंग चांगला आहे.

२९ डिसेंबर, रविवार

सात दिवसांनी घड्या कडक झाल्या होत्या. भाच्याने ४०० नंबरने पाण्यात घासून त्या काढल्या. दोन ठिकाणी प्रायमर उघडा पडला, पण पुट्टीपर्यंत कागद पोहोचला नाही. ८०० नंबरने सगळे झाकण एकसारखे केले, नुसता खराब भाग नव्हे, कारण अर्ध्या भागावर नवा रंग दिला की चकाकीत सीमारेषा दिसते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले आणि त्यानंतर त्या पृष्ठभागाला कोणी बोट लावले नाही.

घड्याळ समोर ठेवून एक वाजता पहिला हात, सव्वाला दुसरा आणि दीडला तिसरा दिला. कोपऱ्याच्या कडा आधी फवारल्या आणि सपाट भाग नंतर. कडेवर रंग ताणून पातळ होतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. पावणेदोनला डबा कपाटात ठेवून दिला. झाकण आणि पुढचा भाग बुटांच्या खोक्यात, खोक्याच्या झाकणाला भोके पाडून, धुळीपासून दूर ठेवले आहेत.

वरून पारदर्शक लॅकर मारण्याचा विचार सोडून दिला. ताज्या एनॅमलवर लॅकरचे थिनर पुन्हा त्याच घड्या पाडू शकते, आणि एनॅमलची स्वतःची चकाकी पुरेशी आहे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांतीला ताई आणि भाचा आले. तिळगूळ झाल्यावर त्याने सगळ्यात आधी खोके उघडले. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही अशा कडेवर, नखाने दाबून पाहिले तर अजून पुसटशी खूण उमटत होती. एनॅमल हाताला कोरडे लागले तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेते आणि थंडीत त्याहून जास्त. गेल्या वेळी आम्ही दुसऱ्याच दिवशी जोडणी करून खेळायला बसलो होतो. तळहाताखालचा रंग चिकट होण्याचे तेही एक कारण होते. खोके पुन्हा बंद केले.

१९ जानेवारी, रविवार

नखाची खूण उमटली नाही. जोडणी केली.

टेपच्या गुंडाळ्या काढल्यावर सगळी बटणे आपापल्या वजनाने खाली बसली. फक्त कन्सोलच्या खांद्यावरचे, म्हणजे वरच्या कडेचे, डावे बटण अडले, तिथे चिरेत आलेला रंगाचा ओघळ पात्याने काढला. नवी बॅटरी निवडताना जाडी आधी पाहिली. जुनी झाकणाला टेकत होती. ही टेकत नाही, तिच्यावर ३ मिमी मोकळी जागा ठेवली आहे आणि कडेने फोमच्या पट्ट्यांनी ती धरली आहे, वरून नाही. पुढेमागे ती थोडी फुगली तरी झाकणाला रेटणार नाही, आणि झाकण उघडताच फुगवटा दिसेल. चार स्क्रू दोन बोटांत धरलेल्या स्क्रूड्रायव्हरने, अडेपर्यंतच फिरवले. भाचा म्हणाला की स्क्रू बसल्यावर जो ठाम थांबा लागतो तो आधी कधी लागला नव्हता.

खिडकीतल्या तिरप्या उन्हात झाकण धरले तर जोडाच्या रेषेचा साधारण १० मिमीचा भाग केसासारखा दिसतो. समोरून दिसत नाही. त्यासाठी सगळा रंग पुन्हा उतरवायचा का, असे मी भाच्याला विचारले. त्याने अंगठा फिरवून पाहिला आणि नको म्हणाला.

अर्धा तास खेळून झाल्यावर ताईच्या अटीप्रमाणे कन्सोल माझ्याकडे राहिला. ठेवण्याआधी बॅटरी मल्टिमीटरने मोजून ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धी भरलेली, ठेवली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत न घालता सुती रुमालावर, खिडकीपासून लांबच्या कपाटात ठेवला आहे. १६ फेब्रुवारीला आणि १६ मार्चला व्होल्टेज पुन्हा मोजायचे आहे, ३.७ च्या खाली गेले असेल तर वीस मिनिटे चार्ज करून बाजूला काढायचे, चार्जरला लावून ठेवायचे नाही.